इंग्रजीचा हुकूम आला, पण मास्तर कोठें आहे?

इंग्रजी म्हणजे वाघिणीचें दूध, असें शहाणे लोक आम्हांस शंभर वर्षांवर सांगत आले. सांगणारे तें स्वतः पोटभर प्याले, मुलांनातवंडांस त्यांनीं तें पाजलें, आणि त्या जोरावर कचेऱ्या, कोर्टें, कॉलेजें व कारखाने यांतल्या खुर्च्या धरल्या. आतां पाळी आली आहे शेतकऱ्याच्या, सुताराच्या, लोहाराच्या, कुंभाराच्या पोराची. त्याच्यापुढेंहि वाटी ठेवली आहे. वाटीवर 'इंग्रजी' असें ठळक अक्षरांत लिहिलेंहि आहे. पण वाटींत बोट बुडवून पाहावें तर नुसतें पाणी! हें पाणी पिऊन पोरास बळ आलें नाहीं, कीं तेच शहाणे म्हणतात, "अहो, यांच्या डोक्यांत तें शिरतच नाहीं." आमचा आजचा सवाल एवढाच आहे कीं, वाटींतलें दूध कोणीं पळविलें?

नरडाण्याचेंच उदाहरण घेऊं. धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडे तालुक्यांतलें हें गांव कांहीं आडरानांतलें नव्हे. सुरत-भुसावळ रेल्वेचें स्टेशन गांवास आहे. मुंबई-आग्रा हमरस्ता जवळून जातो. औद्योगिक वसाहत उभी आहे. धुळें-नरडाणा अशी नवी रेल्वेहि होऊं घातली आहे. म्हणजे जग आमच्या दारापर्यंत चालून आलें. पण तें जग बोलतें कोणत्या भाषेंत? कारखान्यांतल्या यंत्रावरची सूचना इंग्रजींत, नेमणुकीचा कागद इंग्रजींत, बँकेच्या कर्जाचा करारनामा इंग्रजींत. ज्याच्या जमिनीचा दावा हायकोर्टापर्यंत गेला, त्याचा निकालहि इंग्रजींत. कारण राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानें वरच्या कोर्टांची भाषा इंग्रजीच ठेवली आहे. ज्याची जमीन जाते त्यास, ती कां गेली हें वाचून सांगणारा माणूस पैसे मोजून आणावा लागतो! मग वसाहतीच्या गेटाच्या आंत खुर्चीवर कोण बसणार, आणि गेटापाशीं गोण्या कोण उचलणार, हें पहिलीच्या वर्गांतच ठरून जातें. म्हणून इंग्रजीचा प्रश्न हा हौसेचा किंवा ऐटीचा प्रश्न नव्हे; तो भाकरीचा आणि जमिनीचा प्रश्न आहे.

आतां त्या गांवच्या सहा वर्षांच्या पोराकडे पाहा. त्याच्या घरची बोली अहिराणी. आई त्यास विचारते, "तू काय करी ऱ्हायना?" तो आपलें नांव सांगतांना 'मन्हं नाव' म्हणतो, आणि जेथें पुस्तकांत 'आहे' असतें तेथें तो 'शे' म्हणतो. शाळेंत पाऊल टाकतांच पुस्तक त्यास सांगतें, "'शे' नव्हे, 'आहे' म्हण." तें गळ्याखालीं उतरतें न उतरतें तोंच दुसरें पुस्तक पुढें येतें आणि म्हणतें, "'इज' म्हण." एका वस्तूच्या असण्यास तीन शब्द, आणि या तिहींमध्यें पूल बांधणारा माणूस कोणी नाहीं. पोर डोळ्यास 'डोया' म्हणालें कीं वर्ग हंसतो. ज्या इंग्रजीसाठीं एवढा खटाटोप चालला आहे, तिच्यांत 'ळ' मुळींच नाहीं, हें त्या हंसणाऱ्यांस कोण सांगणार? हंसें झालेलें पोर तोंड मिटून घेतें. ज्यानें आपल्या भाषेंत तोंड मिटलें, तें परक्या भाषेंत तोंड उघडील ही आशा कशाच्या जोरावर करावी?

ही अहिराणी बोलणारे चार-दोन लोक आहेत काय? २०११ सालच्या शिरगणतींत 'खानदेशी' ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे साडेअठरा लाखांवर लोक नोंदले गेले. ग्रियर्सन साहेबानें आपल्या भाषापाहणींत खानदेशीचा विचार मराठीहून वेगळा केला, त्यासहि शंभर वर्षें होऊन गेलीं. जळगांवकडच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्या घरच्या बोलींतल्या गाण्यांपुढें आज पदवीधर मान लववितात. पण शाळेच्या कागदावर या बोलीस जागा नाहीं. तेथें मराठी ही प्रथम भाषा, हिंदी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. मोजणी घरापासून न करतां शाळेच्या पायरीपासून केली, म्हणून हा हिशेब चुकला. आमच्या पोराची पहिली भाषा घरींच राहिली. सरकार ज्यास पहिली म्हणतें ती त्याची दुसरी, आणि इंग्रजी तर चौथी. पुण्याच्या पेठेंतलें पोर मराठी घरांतून घेऊन येतें, इंग्रजी शिकवणींतून घेऊन येतें, आणि आमच्या पोराशेजारीं एकाच परीक्षेस बसतें. या शर्यतींत एक घोड्यावर आहे आणि दुसऱ्याच्या पायांत काटे आहेत. निकाल लागल्यावर मात्र 'गुणवत्ता' असें म्हणतात!

हा अन्याय आजकालचा नाहीं. इंग्रज सरकारनें मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविला. त्यांतून रस्ते नि शाळा व्हावयाच्या होत्या. पैसा दिला कुळंब्यानें, आणि विद्या मिळाली कोणास? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें, त्यांतला रोख हाच होता. सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उंच शिक्षणावर. वरच्यांस शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपते, या सरकारी समजुतीचा जोतीरावांनीं चांगलाच समाचार घेतला, आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून ती मागणी आपल्या राज्यापुरती खरी करून दाखविली.

आणि हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, आमच्या चळवळीचें इंग्रजीशीं वैर कधींच नव्हतें. जोतीराव स्वतः मिशनच्या इंग्रजी शाळेंत शिकले. सावित्रीबाईंनीं १८५४ सालच्या 'काव्यफुले' या पुस्तकांत इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियास नि लंडनास गेले, आणि ज्या भाषेंत जगाचे धनी बोलत त्याच भाषेंत त्यांनीं अस्पृश्यांचा दावा मांडला. संस्कृताचें दार ज्यांच्यासाठीं बंद होतें, त्यांनीं इंग्रजीचें दार ठोठावलें, यांत नवल तें काय?

परंतु त्या दारापर्यंत जाण्याच्या वाटाच दोन होत्या. एक वाट मराठी सातवीची, व्हर्नाक्युलर फायनलची. ती प्राथमिक शाळेच्या मास्तरकीपाशीं नि तलाठ्याच्या दप्तरापाशीं येऊन थांबे. दुसरी वाट मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलींत जाणारी. ती मॅट्रिक, कॉलेज, वकिली नि मामलेदारीपर्यंत पोंचे. कोणत्या वाटेनें कोणाचीं मुलें गेलीं, हें आम्हीं सांगावें असें नाहीं. आपल्या आजोबांस आठवून पाहावें.

स्वराज्य आलें. मुंबई राज्याचें धोरण असें ठरलें कीं, मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हावें. हेतु स्वभाषेच्या अभिमानाचा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण शहरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालूच होत्या. १९५४ च्या जानेवारींत सरकारनें हुकूम काढला कीं, अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांस त्या शाळांत घेऊं नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनीं कोर्टांत दाद मागितली, आणि त्याच वर्षीं सुप्रीम कोर्टानें तो हुकूम रद्द ठरविला. कोर्टाचा न्याय बरोबरच होता. आईबापांस शाळा निवडतां आली पाहिजे. पण निवड करावयास गांठीस पैसा लागतो! ज्याच्या गांठीस पैसा, त्याच्या मुलास इंग्रजी पहिल्या दिवसापासून. आणि ज्याच्या हातीं नांगर, त्याच्या मुलास आठवीपासून. स्वभाषेच्या अभिमानाचें ओझें अशा रीतीनें एकट्या गरिबाच्या खांद्यावर आलें.

पुढें मराठी शाळांत इंग्रजी पांचवीपासून सुरू झालें, आणि जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतांना, तें पहिलीपासून सुरू झालें. त्या वेळीं कांहीं विद्वानांनीं नाकें मुरडलीं. ज्यांचीं नातवंडें आधींच इंग्रजी शाळेंत जात होतीं, त्यांस मायमराठीची चिंता अचानक लागली! आम्ही त्या हुकुमाच्या बाजूचे आहोंत. पण हुकूम काढणें हें एका सहीचें काम, आणि मास्तर घडविणें हें पुष्कळ वर्षांचें काम. सही झाली, काम राहिलें. त्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं.

काय राहिलें तें सांगतों. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे लहान गांवांत नि वस्तीवर इयत्ता पांच आणि माणसें दोन. एका फळ्यावर पहिलीची एबीसीडी, दुसऱ्या फळ्यावर तिसरीचा गुणाकार, आणि मध्यें उभ्या असलेल्या मास्तरास पोषण आहाराचा हिशेब नि मोबाइलवर भरावयाची माहिती. ज्यास बोलतां बोलतां शिकवावयाचें ती भाषा, बोलावयास वेळ नसलेल्या माणसानें शिकवावी असा हा कारभार आहे. शिवाय या मास्तरांपैकीं पुष्कळांनीं स्वतः इंग्रजी घेतलें पांचवीपासून, आणि तेंहि भाषांतर नि घोकंपट्टी करून. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आम्ही मास्तरास दोष देत नाहीं. आड खणण्याचें काम सरकारचें होतें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. इंग्रजीच्या शिक्षकांसाठीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, सरकारी संस्था निघाली. ब्रिटिश कौन्सिल नि टाटा ट्रस्ट यांच्या मदतीनें 'तेजस' नांवाचा उपक्रम कांहीं जिल्ह्यांत झाला. शेजारच्या शाळांच्या मास्तरांनीं जमून एकमेकांपासून शिकावें, ही त्यांतली रीत चांगली होती. बालभारतीनें लहान मुलांच्या पुस्तकांत मराठीच्या जोडीस इंग्रजी शब्द छापले. आमच्या धुळें जिल्ह्यांत लोकांनीं वर्गणी काढून शाळांत पडदे नि यंत्रें बसविलीं. हें सर्व खरें. पण उपक्रम हा पाहुण्यासारखा असतो. येतो, फोटो काढून घेतो, आणि जातो. शाळेस पाहुणा नको, घरचा माणूस हवा. पडद्यावरची बाई गोड इंग्रजी बोलते. पण पोर चुकलें तर ती थांबत नाहीं, आणि पोरानें विचारलें तर उत्तर देत नाहीं.

फळ काय मिळालें? 'असर' या पाहणीप्रमाणें २०२२ सालीं देशाच्या खेड्यांतल्या पांचवीच्या मुलांपैकीं इंग्रजींतलीं सोपीं वाक्यें वाचूं शकणारीं होतीं २४.५ टक्के, आणि आठवीच्या मुलांपैकीं ४६.७ टक्के. सहा वर्षांपूर्वीं, २०१६ सालीं, हेच आंकडे २४.७ व ४५.३ होते. म्हणजे आठ वर्षें शाळेंत घालवूनहि निम्म्याहून अधिक मुलांस सोपें वाक्य वाचतां येत नाहीं. एखाद्या शेतकऱ्याचें बियाणें सालोसाल असें उगवलें असतें, तर त्यानें दुकानदाराची गचांडी धरली असती. शाळेच्या बाबतींत मात्र आपण पोराच्याच पाठींत धपाटा घालतों!

या पडित जमिनींत आतां दुसरेंच पीक आलें आहे. गांवोगांवीं पिवळ्या मोटारी फिरतात. इंग्रजी नांवाची शाळा, गळ्यांत टाय, पायांत बूट. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा! शिकविणारी मुलगी बहुधा आपल्याच शेजारच्या गांवची, तुटपुंज्या पगारावर राबणारी. तिलाहि इंग्रजी बोलतां येण्याजोगें कोणीं शिकविलेलें नसतें. पोर तेथें कविता पाठ म्हणतें, अर्थ विचारला कीं आईकडे पाहतें. कापसाच्या वेचणीचा पैसा फीमध्यें जातो, आणि चार वर्षांनीं पोरास मराठी धड येत नाहीं नि इंग्रजीहि धड येत नाहीं. पूर्वीं भिक्षुकानें न समजणारे मंत्र म्हणावे आणि यजमानानें दक्षिणा द्यावी. आज संस्थाचालकानें न समजणारी कविता म्हणवावी आणि बापानें फी भरावी. मंत्राची भाषा बदलली, धंदा तोच आहे. आणि वाचकहो, या नव्या भिक्षुकशाहीस जात राहिलेली नाहीं. यांतले कित्येक संस्थाचालक आपल्याच बहुजन समाजांतले, फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरीस हार घालणारे आहेत. परक्यानें लुबाडलें तर निदान ओरडतां तरी येतें!

शिक्षणहक्काच्या कायद्यानें खाजगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठीं चौथा हिस्सा जागा राखल्या. २०२४ च्या फेब्रुवारींत राज्य सरकारनें नियम बदलून, ज्या खाजगी शाळेजवळ एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला यांतून मोकळें केलें. जुलैंत मुंबई हायकोर्टानें तो बदल रद्द केला म्हणून बरें. पण मनसुबा काय होता तो दिसलाच. सरकारी शाळेंत मास्तर द्यावयाचा नाहीं, आणि खाजगी शाळेचें दारहि लोटून घ्यावयाचें!

आतां मराठीच्या कैवाऱ्यांकडे वळूं. २०२५ च्या एप्रिलांत पहिलीपासून हिंदीचा हुकूम निघाला, महाराष्ट्रभर आरडाओरडा झाला, आणि २९ जूनला सरकारनें हुकूम मागें घेतला. लहान पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा लादूं नये हें म्हणणें खरें आहे. पण खानदेशच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा पंचवीस वर्षें आहेच, त्याविषयीं त्या सभांतून कोणी बोललें काय? मराठी वांचवावयाची तर ती शेतकऱ्याच्या पोराचें इंग्रजी बुडवून वांचणार नाहीं. ज्यांस मराठी वांचवावयाची असेल त्यांनीं आधीं आपलीं मुलें जिल्हा परिषदेच्या शाळेंत घालावीं. मग आम्हांस उपदेश करावा.

कोणी म्हणेल, सर्वांस एकच पुस्तक, एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा आहे. मग अन्याय कोठें झाला? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतल्या एका खटल्यानें १९७४ सालींच दिलें आहे. सान फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी शाळांत चिनी वंशाचीं सुमारें १,८०० मुलें अशीं होतीं कीं त्यांस इंग्रजी येत नव्हतें, आणि शाळा त्यांस कोणतीहि जादा मदत देत नव्हती. शाळेचें म्हणणें हेंच, कीं सर्वांस सारखें शिकवितों. 'लाऊ विरुद्ध निकोल्स' या खटल्यांत तेथल्या सुप्रीम कोर्टानें निकाल दिला कीं, ज्यास शाळेची भाषा कळत नाहीं त्यास तींच पुस्तकें नि तोच शिक्षक दिला, म्हणजे समानता झाली असें नव्हे. अशा मुलांस शिक्षणाची वाट बंदच होते. त्या निकालानंतर तेथल्या शाळांस मुलाची घरची भाषा विचारावी लागली आणि मदतीची तजवीज करावी लागली. तेथेंहि भांडण संपलें नाहीं. कॅलिफोर्नियानें १९९८ सालीं मतदान करून दुभाषी वर्गांवर बंधनें घातलीं, आणि २०१६ सालीं पुन्हां मतदान करूनच तीं उठविलीं. पण मुद्दा पक्का झाला: आंधळ्यास नि डोळसास सारखाच आरसा वांटणें याचें नांव न्याय नव्हे. आमच्या घटनेच्या ३५०-अ कलमांतहि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करावी असें आहे, आणि शिक्षणहक्काच्या कायद्यांतहि शक्य तोंवर माध्यम मातृभाषा असावें असें आहे. कायदा आहे, नुसता वाचला जात नाहीं.

मग मदत म्हणजे काय, हें आम्ही मोघम न ठेवतां सांगतों.

पहिली गोष्ट, पोराच्या तोंडांत आधींच असलेल्या इंग्रजीस ओळखावें. शेतकऱ्याचें पोर शाळेंत येतें तेव्हां मोटर, पंप, स्टार्टर, फ्यूज, पाइप, टायर, ट्रॅक्टर, लाइट, मीटर, बिल, स्टेशन, तिकीट, सिग्नल, डॉक्टर, इंजेक्शन हे शब्द घेऊनच येतें. या शब्दांपासून आरंभ केला तर पहिल्या दिवशींच पोरास कळेल कीं ही भाषा आपल्या शेतांत नि स्टेशनांत आधींच आलेली आहे. आपण त्यास ज्या फळाचें तोंड त्यानें पाहिलें नाहीं त्याचें नांव घोकावयास लावतों!

दुसरी गोष्ट, आधीं कान, मग तोंड, मग डोळा, शेवटीं हात. आपली बाळबोध जशी लिहिली तशी वाचतात. इंग्रजीचें तसें नाहीं. तेथें 'सी' हें अक्षर कधीं 'क' तर कधीं 'स' बोलतें. म्हणून अक्षरांचीं नांवें पाठ करून वाचन येत नाहीं. अक्षरांचे आवाज शिकवावे लागतात. आज उलट चाललें आहे. वही भरलेली असते आणि तोंड रिकामें असतें. सुंदर अक्षरांतली वही पाहून बाप खूष होतो. त्यानें एकदां वही मिटून पोरास दोन वाक्यें बोलावयास सांगावीं.

तिसरी गोष्ट, अहिराणीस वर्गाबाहेर काढूं नये. "काय करी ऱ्हायना?" या प्रश्नांतच चालू असलेल्या कामाचा भाव आहे; मास्तरानें तोच धरून इंग्रजी "व्हॉट आर यू डुइंग?" शिकविलें तर पोरास तें चटकन उमजेल. युनेस्कोनें १९५३ सालच्या आपल्या अहवालांत मुलाचें शिक्षण मातृभाषेंतून सुरू व्हावें असेंच सांगितलें. कारण साधें आहे. अक्षर म्हणजे आवाजाची खूण, हें गुपित माणूस एकदांच शिकतो. आणि तें आपल्या भाषेंत शिकला, तर दुसऱ्या भाषेंत फक्त खुणा बदलावयाच्या राहतात. अहिराणीनें मराठी बिघडते, असें म्हणणाऱ्यांनीं हें सांगावें कीं, एवढीं वर्षें अहिराणी दाबून इंग्रजी किती सुधारलें?

आणि येथें आम्हांस आपल्याहि बांधवांस एक कडू शब्द सांगणें आहे. अहिराणी घरांतल्या पोरास मराठी शाळेंत जें सोसावें लागतें, त्याच्या दुप्पट भिल्ल नि पावरा घरांतल्या पोरास सोसावें लागतें. शिरपूरकडच्या सातपुड्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांचें पोर वर्गांत आलें कीं आपलींच पोरें त्याच्या बोलीस हंसतात, आणि आपण त्यांस दटावीत नाहीं. आदिवासी विभाग कांहीं मुलांस 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळांत पाठवितो. पण घरच्या भाषेपासून एकदम तोडून परभाषेंत टाकलेल्या त्या लेकरास आधार कोण देतो? आपल्यावरचा अन्याय सांगतांना आपल्या पायाखालीं कोण आहे हें ज्यास दिसत नाहीं, तो जोतीरावांचा अनुयायी नव्हे.

आमच्या मागण्या आतां उघड आहेत. दर केंद्रास इंग्रजीचा एक खास तयार केलेला शिक्षक कायमचा नेमावा. त्यानें केंद्रांतल्या शाळांत आळीपाळीनें जावें, मुलांस शिकवावें आणि मास्तरांसहि शिकवावें. पहिल्या दोन वर्षांत घरची बोली, मराठी नि इंग्रजी यांची सांगड घालणारीं पुस्तकें अहिराणी, पावरी नि भिली मुलांसाठीं काढावीं. मागें राहिलेल्या मुलांसाठीं शाळा सुटल्यावर एक तास शाळेंतच मोफत असावा. म्हणजे गरिबास शिकवणीच्या दुकानाचा उंबरा झिजवावा लागणार नाहीं. गणित नि विज्ञान इंग्रजींतून शिकविणारा 'सेमी'चा वर्ग, इंग्रजींतून शिकवूं शकणारा मास्तर असल्यावांचून उघडूं नये. नाहींतर पोराचें गणितहि बुडतें. आणि पट वीसाहून कमी म्हणून वस्तीवरची शाळा मोडून मुलांस दूरच्या समूहशाळेंत धाडण्याचा विचार कायमचा सोडावा. शाळाच नाहीं तेथें इंग्रजी काय शिकवणार?

पैसा कोठून आणावा, असें विचारतील. शेतकरी खतावर कर देतो, डिझेलवर कर देतो, ट्रॅक्टरच्या सुट्या भागावर कर देतो. सुतार लोखंडी पटाशीवर देतो, कुंभार रंगावर देतो. जोतीरावांच्या वेळीं आणा दिसत तरी होता. आज तो किंमतींत मिसळून जातो एवढेंच. आम्ही दान मागत नाहीं. आपलाच आणा परत मागतों.

बंधुभगिनींनो, सरकारकडे तोंड करून बसणें पुरें नाहीं. कायद्यानें शाळेची व्यवस्थापन समिति तुमच्या हातीं दिली आहे. तिच्यांत तीनचतुर्थांश आईबाप आणि निम्म्या बाया असाव्या असें बंधन आहे. या समितीच्या किती बैठकी झाल्या? किती ठिकाणीं सही घरीं आणून घेतात? सरपंचाच्या निवडणुकींत आपण रात्रंदिवस जागतों. शाळेच्या समितीस जावयास मात्र सवड नाहीं. येत्या ग्रामसभेंत उभे राहून चार गोष्टी विचारा. आमच्या शाळेंत इंग्रजी कोण शिकवितो, आणि त्यास तें शिकविण्याचें शिक्षण किती दिवस मिळालें? तिसरीचें किती मुलें सोपें वाक्य वाचूं शकतात, तें सर्वांसमक्ष वाचून दाखवितां काय? मागें राहिलेल्यांसाठीं जादा तास आहे काय? आणि मास्तरास शाळेबाहेरचीं कामें किती? उत्तरें कागदावर घ्या, ठराव करा, ठरावाची नक्कल पंचायत समितीस नि जिल्हा परिषदेस पाठवा, आणि पोंच घ्या. दर ग्रामसभेस तेच प्रश्न पुन्हां विचारा. कारभारी एकदां विचारणारास भीत नाहीं. पुन्हां पुन्हां विचारणारास भितो.

ज्या घरांत आई अंगठा उठवीत होती, त्या घरांत लेक सही करूं लागली, हें आमच्या चळवळीचें एक पाऊल. आतां ती ज्या कागदावर सही करते तो कागद तिला वाचतां आला पाहिजे, मग तो कोणत्याहि भाषेंत असो. हें दुसरें पाऊल टाकल्यावांचून पहिल्याचा उपयोग नाहीं. कारण न वाचतां केलेली सही आणि अंगठा यांत फरक फक्त शाईचा आहे.